तीन महिन्यांची साखर

ज्ञानदेव ओव्हाळांच्या टेबलावरून एकतीस वर्षांत एकही खोटा पीस पुढे गेला नाही, असं त्यांच्या कंपनीत अजून सांगतात. गिअर बनवणारी कंपनी. आधी भोसरीत होती, मग चाकणला गेली, तिच्या मागोमाग ज्ञानदेवही गेले. काम एकच. आलेला माल मोजायचा आणि ओके म्हणायचं, नाहीतर रिजेक्ट. प्रॉडक्शनवाले गयावया करायचे, "ओव्हाळसाहेब, केसाएवढा तर फरक हाय, सोडा की राव." ओव्हाळसाहेब चष्म्यावरून एकदा बघायचे आणि लाल टॅग बांधून मोकळे व्हायचे. असा हा कडक माणूस. पण स्वतःच्या जिभेला मात्र त्यांनी कधी माप लावलं नाही. गोड दिसलं की साहेबांचं सगळं ओके असायचं.

चौदा वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. बायको नीला होती तोवर तिने घरातल्या डब्यांवर पहारा ठेवला. ती गेली, ज्ञानदेव रिटायर झाले आणि पिंपरीची खोली सोडून रावेतला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले. मुलगा सिद्धेश. तोही चाकणलाच, तोही क्वालिटीतच. फरक इतकाच की बाप इन्स्पेक्टर होता आणि लेक इंजिनिअर. गेल्या वर्षी ज्ञानदेवांच्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल लागली आणि ती जखम दोन महिने भरेना. डॉक्टर अंगठा काढायची भाषा बोलू लागले. अंगठा वाचला, पण सिद्धेश असा घाबरला की त्याने घरातून साखर हद्दपार केली. चहा बिनसाखरेचा, शिरा बंद, सणाला पुरणपोळी नाही. बापाला दटावताना तो हुबेहूब बापासारखा दिसायचा, त्यामुळे ज्ञानदेवांना उलटून बोलताही येईना.

सिद्धेशची बायको मिनल हे सगळं बघत होती. ती तळेगाव दाभाड्याची. चाकणला एका कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात पगारपत्रकं करायची. कॉन्ट्रॅक्ट संपलं, ऑफिसला कुलूप लागलं, आणि आठ महिने झाले ती घरी होती. रिकामं बसायची तिला सवय नव्हती. दिवाळीआधी तिघं मॉलमध्ये गेले होते. तिथे काचेच्या कपाटात डोनट मांडलेले होते आणि ज्ञानदेव त्या काचेपुढे असे उभे राहिले की शेवटी सिद्धेशला त्यांना कोपराला धरून हलवावं लागलं. सिद्धेश हसला. मिनल हसली नाही. घरी आल्यावर तिने मोबाइलवर बिनसाखरेचे, कमी कार्बचे डोनट शोधायला सुरुवात केली.

मैदा नाही, साखर नाही. बदामाचं पीठ, थोडं खोबऱ्याचं पीठ, अंडी, लोणी, चिमूटभर इसबगोल, आणि साखरेच्या जागी एक पांढरी भुकटी. त्या भुकटीचं नाव ज्ञानदेवांना शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही. तोंडात टाकली की जिभेला गार लागायची, म्हणून ते तिला थंडी साखर म्हणायचे. पहिली बॅच ओव्हनमधून बाहेर आली आणि साच्यातून काढताना तिचा चुरा झाला. मिनलने तो चुरा तसाच ताटलीत घालून सासऱ्यांपुढे ठेवला.

"बालुशाहीला भोक पाडून तिच्यावरून ट्रक नेलाय का कुणी?" ज्ञानदेव म्हणाले.

"बाबा, खाऊन तर बघा."

"खातोय की. रिजेक्ट आहे, पण खातोय."

तिथून त्या दोघांचं जमलं. ज्ञानदेवांनी तिला कंपनीतल्यासारखी चेकशीट आखून दिली. बॅच नंबर, ओव्हन किती डिग्रीला, किती मिनिटं, चव कशी, खाली सही. मिनल बदामाचं पीठ चाळून घ्यायला लागली. साचा गरम असताना त्याला हात लावायचा नाही, दहा मिनिटं दम धरायचा, हे शिकली. अंड्याचा वास मारायला जायफळ घालू लागली. इसबगोल जास्त पडला त्या दिवशी डोनट रबरासारखे झाले, तर ज्ञानदेव म्हणाले हे स्कूटरला बसवू. ते आपला जुना व्हर्निअर काढून भोकाचा व्यास मोजायचे आणि गंभीर चेहऱ्याने लिहून ठेवायचे. डोनटच्या भोकाचं कुणाला काय पडलंय म्हणा, पण रिटायर माणसाला मोजायला काहीतरी लागतं.

अकराव्या बॅचला त्यांनी एक डोनट मोडला, आतली जाळी बघितली, अर्धा खाल्ला, आणि उरलेला अर्धाही खाल्ला.

"ओके," ते म्हणाले.

मिनलने सहीसाठी चेकशीट पुढे सरकवली. "बाबा, माणसांना कधी ओके म्हणता का हो तुम्ही?"

"आत्ता तुला म्हणालो की."

मिनलचे वडील ती दहावीत असतानाच गेले होते. त्या संध्याकाळी तिने हे बोलणं फोनवर आईला दोनदा सांगितलं, ते ज्ञानदेवांनी आतल्या खोलीतून ऐकलं, आणि त्यांना फार बरं वाटलं. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

सोसायटीतल्या बायकांनी चव घेतली, एकीने दुसरीला सांगितलं, आणि बोलणं पिंपळे सौदागरच्या दिव्या नावाच्या बाईपर्यंत पोचलं. दिव्याची जिम होती आणि जिमला लागूनच छोटा कॅफे. तिला दर आठवड्याला डोनट हवे होते, तेही कायमचे. पण बाई पक्की. ती मिनलला म्हणाली, "बिनसाखरेचं म्हणून विकणारे छप्पन्न आहेत, आणि माझे अर्धे मेंबर शुगरवाले. तुमच्या घरी शुगरचा पेशंट आहे ना? मग त्यांना तीन महिने खाऊ द्या, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट असतो तो मला दाखवा. वाढली नसेल तर ऑर्डर तुमची."

मिनल नाचतच घरी आली. "बाबा, आता तुम्हीच माझं गेज!"

गेज म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळा माल तपासतात ते मापाचं हत्यार. कंपनीत त्याची पेटी वेगळी, जागा वेगळी, हातातून पडलं तरी लेखी कळवावं लागतं. कारण माल खोटा निघाला तर तेवढा माल जातो, पण गेजच खोटं असेल तर खरा मालही भंगारात जातो. हे ज्ञानदेवांना कुणी सांगायची गरज नव्हती. नव्या पोरांना पहिल्या दिवशी ते हेच शिकवायचे. त्यांनी मिनलच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काळजी करू नको."

काळजी तिने करायला हवी होती.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. जगाचा रविवार, आमचा गुरुवार. रिटायर झाल्यावरही ज्ञानदेवांचा गुरुवार सुटला नव्हता. उन्हं कलली की ते बसने चिंचवड स्टेशनला जायचे आणि रंगरावांना भेटायचे. रंगराव त्यांच्याच कंपनीतले जुने फिटर, मूळचे लातूरकडचे. स्टेशनजवळ एका हलवायाच्या दुकानाबाहेर दोन बाकडी होती. तिथे बसून कोण गेलं, कुणाच्या पोराला कुठे परमनंट केलं, कुणाची सून कशी, यावर चर्चा व्हायची. रंगराव बालुशाही घ्यायचे आणि ज्ञानदेव बिनसाखरेचा चहा.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी रंगरावांनी बालुशाहीचा कागद पुढे केला. "घ्या हो ओव्हाळ. एकानं काय हुतंय?"

ज्ञानदेवांनी विचार केला. घरी आपण साखर खात नाही. खातो ते डोनट, त्यात साखर औषधालाही नाही. म्हणजे गोडाची हौस डोनटवर भागते आणि साखर शिल्लक राहते. त्या शिलकीतली एक बालुशाही खाल्ली तर कुणाचं काय गेलं? हुशार माणूस स्वतःला फसवायला बसला की मूर्खापेक्षा जास्त तयारीने फसवतो. त्या गुरुवारी एक झाली. पुढच्या गुरुवारी दोन. जानेवारीत ते सोमवारीही स्टेशनला जाऊ लागले, रंगराव नसले तरी. मग एक दिवसाआड. परतताना ते नळावर चूळ भरायचे, बडीशेप चावायचे, घरी येऊन मिनलचा डोनट खायचे, ओके म्हणायचे आणि चेकशीटवर सही करायचे. सहीत खोटं काही नव्हतं, डोनट खरोखरच चांगला असायचा. खोटं होतं ते गेज.

फेब्रुवारीच्या शेवटी रक्त दिलं. गुरुवारी दुपारी तिघं जेवायला बसले होते तेव्हा रिपोर्ट सिद्धेशच्या मोबाइलवर आला. दिवाळीत सात पूर्णांक आठ होती. आता नऊ पूर्णांक एक.

"नऊ? बाबा, नऊच्या वर?" सिद्धेशचा हात ताटातच राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. त्याला बापाचा अंगठा दिसत होता.

घाबरला की सिद्धेश घरात कंपनी मांडायचा. त्याने टेबलावरचं वीजबिल उलटं केलं आणि पेन काढलं. चाकणच्या कंपन्यांत माल बिघडला की 'व्हाय-व्हाय' करतात. का बिघडला, मग ते का झालं, आणि तेही का झालं, असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं. सिद्धेशने ते जेवणाच्या टेबलावर सुरू केलं.

"शुगर का वाढली? गोळ्या चुकल्या का? नाही, डबी मी भरतो. चालणं? ते रोज आहे. मग घरात नवीन काय आलं? चेंज पॉइंट काय?" पेन थांबलं. "दिवाळीनंतर या घरात एकच गोष्ट नवीन आलीय."

"त्यात साखर नाहीये," मिनल म्हणाली. "पाकीट तू स्वतः वाचलंयस."

"पाकिटावर काय, काहीही छापतात. ती पावडर कुठून येते, कुणाला माहीत? दिवसाला दोन-दोन डोनट, मिनल. तीन महिने!"

"पण बाहेर काही..." मिनल बोलता बोलता थांबली.

"बाहेर? बाबा?" सिद्धेश जवळजवळ हसलाच. "अगं, यांनी कंपनीत कधी सप्लायरचा चहा घेतला नाही. हे काय चोरून खाणाऱ्यातले आहेत?"

मिनलने ज्ञानदेवांकडे बघितलं. नजर न हलवता बघितलं.

आता बोलायचं होतं. मी बाहेर बालुशाही खातो. चार शब्द. सिद्धेश चिडला असता, दोन दिवस बोलला नसता, तिसऱ्या दिवशी त्यानेच चहाला हाक मारली असती. त्यापलीकडे काही झालं नसतं. पण 'हे काय चोरून खाणाऱ्यातले आहेत' हे लेकाच्या तोंडचं वाक्य नुकतंच कानात पडलं होतं आणि ते इतकं गोड लागलं होतं की त्यापुढे बालुशाही फिकी. ज्ञानदेवांनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि मूग गिळून बसले.

सिद्धेशने वीजबिलाच्या पाठीवर 'डोनट' असं लिहून त्याभोवती गोल काढला. पाचपैकी दुसऱ्याच 'का'ला त्याचं व्हाय-व्हाय संपलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि चोर तिथेच बसून भाकरी खात होता.

मिनलने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने दिव्याला फोन केला. "वाढलीय हो साखर. नाही, कारण नाही सांगता येत. हो, कळतं मला. तुमचाही नाइलाज आहे." ज्ञानदेव हॉलमध्ये पेपर उघडून बसले होते. एकच पान त्यांनी अर्धा तास वाचलं, आणि त्यात काय होतं ते त्यांना आजही सांगता येणार नाही.

त्यानंतरचा आठवडाभर मिनल त्यांच्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. सिद्धेश कामाला गेला की दोन कप चहा घेऊन समोर येऊन बसायची. "काय म्हणताय, बाबा?" असं विचारायची आणि थांबायची. ज्ञानदेवांना वाटायचं, पोरीचं मन मोठं, विसरली सगळं. "काही नाही गं, चाललंय," ते म्हणायचे आणि बशीत चहा ओतायचे.

आठव्या दिवसापासून ती चहा देऊन आत जायला लागली. महिन्याभरात तिने चाकणच्या एका गोडाऊनमध्ये नोकरी धरली. पहिली शिफ्ट, साडेपाचला नाक्यावर बस. ओव्हन आणि साचे तळेगावला भावाकडे पाठवून दिले. "इथे पडून राहतंय, बाबा, तिथे वापरात तरी येईल," म्हणाली. ज्ञानदेवांनीच खोका खाली उतरवायला हात लावला.

दर रविवारी ते विहारात वंदनेला जायचे. पंचशील लहानपणापासून तोंडपाठ. आता चौथ्या शीलाशी जीभ अडखळू लागली. मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. पहिल्या रविवारी त्यांनी मनातल्या मनात पळवाट काढली की मी खोटं कुठं बोललो, मी तर बोललोच नाही. पण ही पळवाट त्यांनी स्वतःच्या टेबलावर कुणाची चालू दिली असती का? खोटा माल समोरून जाताना बघून एखादा पोरगा म्हणाला असता, "साहेब, मी कुठं ओके म्हणालो, मी नुसता गप्प बसलो," तर त्याला त्यांनी त्याच दिवशी गेटबाहेर काढलं असतं. खाई त्याला खवखवे हे काही उगाच म्हणत नाहीत.

तरी ते सांगायला गेले नाहीत. जित्याची खोड असते, तशी इन्स्पेक्टरचीही असते. चूक सापडली की तो आधी माल दुरुस्त करून घेतो आणि मग रिपोर्ट लिहितो. ज्ञानदेवांनी ठरवलं की आधी साखर खाली आणायची, चांगला रिपोर्ट हातात घ्यायचा, तो मिनलपुढे ठेवायचा आणि मग म्हणायचं, बघ, दोष तुझ्या डोनटचा नव्हता, माझा होता. हातात कागद असला की कबुलीला वजन येतं, असं त्यांनी स्वतःला पटवलं. खरं तर हातात कागद असला की लाज थोडी कमी वाटते, इतकंच होतं ते.

रंगरावांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "यापुढे माझ्यासमोर कागद उघडायचा नाही."

"का वो? घरी कळलं जणू?"

"कळलं असतं तर बरं झालं असतं."

"मग सांगून टाका की," रंगराव म्हणाले. "बालुशाहीच हाय, बाई तर न्हाई ना?"

एरवी या विनोदावर ज्ञानदेव पोट धरून हसले असते. त्या दिवशी ते पुढच्या बसने घरी आले आणि पुन्हा त्या बाकड्यावर गेले नाहीत.

सकाळी एक तास चालणं, संध्याकाळी एक तास. एप्रिलचं ऊन, मेचं ऊन. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटली, तर त्यांनी हातात आलेली वाटी तशीच शेजारच्या माणसाला दिली. नीला गेल्यापासून इतक्या निष्ठेने त्यांनी काही केलं नव्हतं. मिनल चारला कामावरून यायची, सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असायचे. विचाराल तेवढ्याचं उत्तर द्यायची. थोडी कळ काढ पोरी, मग बघ, असं ज्ञानदेव मनात म्हणायचे. मनातलं बोलणं समोरच्याला ऐकू जात नाही, हे कळण्याइतकं त्यांचं वय झालेलं होतं.

मेच्या अखेरीस पुन्हा रक्त दिलं. या वेळी रिपोर्ट आणायला ते स्वतः लॅबमध्ये गेले. सहा पूर्णांक नऊ. चौदा वर्षांत सातच्या खाली कधी आली नव्हती. कागदाची घडी न करता ते घरापर्यंत चालत आले आणि रस्ताभर वाक्य जुळवत आले. गुरुवार होता. दोघंही सुट्टीवर, नुकतेच जेवायला बसलेले. ज्ञानदेवांनी कागद टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली. त्यांनी तोंड उघडायच्या आत सिद्धेशने कागद उचलला.

"सिक्स पॉइंट नाइन! बाबा!" तो उठून त्यांच्या गळ्यातच पडला. मग मिनलकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता, दुष्टावा कणभर नव्हता. "बघ, मी म्हणत नव्हतो? डोनट बंद केले आणि तीन महिन्यांत साखर उतरली. झालं की नाही प्रूव्ह?"



हे ज्ञानदेवांना आधी दिसायला हवं होतं. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही, हे क्वालिटीतलं शेंबडं पोरही सांगेल. घरात डोनट बंद झाले आणि त्याच सुमारास बाहेर बालुशाही बंद झाली. डोनटचं सगळ्यांना माहीत, बालुशाहीचं कुणालाच नाही. मग श्रेय कुणाला जाणार आणि दोष कुणावर बसणार? ज्या कागदाने मिनल सुटायची, त्याच कागदाने तिच्यावर कायमचा ठपका बसला होता. आणि तो कागद त्यांनी तीन महिने घाम गाळून आपल्या हाताने तयार केला होता.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही, बाबा?"

"डोनट नव्हते ते. मी बालुशाही खायचो, सिद्धेश. चिंचवड स्टेशनजवळ. डिसेंबरपासून. आधी गुरुवारी, मग एक दिवसाआड." जुळवून आणलेलं वाक्य कुठच्या कुठे गेलं होतं. "त्या दिवशी तू लिहीत होतास तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. मी गप्प बसलो. तिच्या वस्तूत काही खोट नव्हती. खोट माझ्यात होती."

बापाला काय बोलायचं, हे सिद्धेशला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. शेवटी तो बायकोकडे वळला. "मिनल, मी..."

मिनल आमटी वाढत होती. तिने पळी पातेल्यात ठेवली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

सिद्धेशने हातातला कागद टेबलावर ठेवला.

"जानेवारीत दिव्याकडे सॅम्पल द्यायला चालले होते. स्टेशनच्या सिग्नलला रिक्षा थांबली. तुम्ही बाकड्यावर बसला होता, बाबा. एकटेच. इतक्या आवडीने खात होता की मला हाक मारवेना."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?" ज्ञानदेवांनी विचारलं.

"मी बोलले असते तर सासऱ्याची चहाडी झाली असती. याच्यासमोर तुमची मान खाली गेली असती. म्हटलं, बाबा स्वतः बोलतील. त्यात मला शंकाच नव्हती. त्या दिवशी नाही बोललात, तर वाटलं याच्यासमोर अवघड गेलं असेल, मला एकटीला सांगतील. आठवडाभर रोज चहा घेऊन समोर बसले."

ज्ञानदेवांना ते चहाचे कप आठवले. एकूण एक आठवले.

"मी त्या जिमवाल्या बाईंकडे जातो," ते घाईघाईने म्हणाले. "आत्ता जातो. सगळं सांगतो. तू परत सुरू कर. ओव्हन आपण तळेगावहून आणू."

"त्यांना दुसरं कुणीतरी मिळालंय, मार्चमध्येच. आणि ऑर्डरचं काही नाही हो, ऑर्डरी मिळतात." भाजी काय करू, हे विचारावं इतक्या साध्या आवाजात ती बोलत होती. "तुम्ही खाल्लंत त्याचंही मला कधी काही वाटलं नाही. माझे वडील असते तर त्यांनीही चोरून खाल्लं असतं. पण मला बोलणी बसत असताना ते समोर जेवत बसले नसते."

सिद्धेश हळूच खुर्चीत बसला. मिनलने पळी परत हातात घेतली आणि ज्ञानदेवांच्या ताटाकडे वळली.

"घ्या मामा, आमटी गार होतेय."

तिकडे तळेगावात सुना सासऱ्याला मामाच म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मिनलने त्यांना त्या नावाने कधी हाक मारली नव्हती. तिने मुद्दाम म्हटलं नसावं. सिद्धेशच्या तर लक्षातही आलं नाही. ज्ञानदेवांनी वाटी पुढे केली.